नेनेला औषध मी देणार नाही

फुमिए मावशीला चिनात्सुचा गुडघे टेकून नमस्कार.

इकडे बर्फ सुरू झालं. तुमच्या ओसाकात अजून नसेल. पत्राच्या सुरुवातीला हवेचं लिहायचं असतं हे तूच शिकवलंस, म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? काकांना म्हणावं दारू कमी करा (नको म्हणूस, चिडतील). कोहेइ खेकड्यांच्या बोटीवर आहे. चार दिवस समुद्रात आणि एक दिवस घरात, आणि त्या एका दिवसात झोपतो. मी सकाळी शेडमध्ये खेकडे सोलते. हाताचा वास साबणाने जात नाही, कागदाला लागला असेल तर माफ कर. हिनाको तीन वर्षांची झाली. छान आहे. बडबड फार करते, चालली की लवकर दमते. (तीन वर्षांच्या मुलांची आरोग्य केंद्रात तपासणी असते ना, तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग एक बंद पाकीट दिलं आणि म्हणाले मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. ते पाकीट आईच्या फोटोखालच्या खणात आहे, तीन आठवडे झाले. त्याचं नंतर.)

आधी मला एका माणसाची तक्रार करायची आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. तो व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहितो आणि माझ्या मते तो नालायक आहे.

झालं असं की कोहेइने बोटीवर जाताना त्याचं गेमचं मशीन टीव्हीला लावून ठेवलं, म्हणाला दुपारी हिनाको झोपली की खेळ, तुझं मन कुठेतरी रमेल. तो गेम म्हणजे आपण तलवारवाला प्रवासी असतो, गावोगाव फिरायचं, लोक कामं सांगतात ती करायची, आणि शेवटी राक्षसांच्या राजाला मारायचं. अक्षरं सोपी असतात म्हणून मलाही वाचता येतं. मला आवडलं गं. खरं सांगते, शाळेत कुणी मला कधी काही काम सांगितलं नाही आणि इथे राजाचा मंत्री स्वतः म्हणतो, शूर वीरा, घाई करा. तर वाटेत एक बर्फाचं गाव लागतं. तिथे पाणचक्कीवाला एकटाच राहतो आणि त्याला नेने नावाची एक लहान मुलगी आहे. तिला ताप आहे. बाप रडतो, म्हणतो गुहेतलं निळं शेवाळ आण, तेच हिचं औषध. मी गेले. वाटेत नदी होती, गळ टाकून मासे धरता येतात, मी सात धरले (एक केवढा मोठा होता!). मग शेवाळ घेऊन दारातून आत गेले तर गाणं बदललं. बाप मान खाली घालून उभा. म्हणाला, उशीर झाला.

मावशी, मी अंघोळीला गेले आणि तिथे रडले. म्हटलं माझ्या माशांपायी पोर गेली. तुला माहीत आहे मला असं का वाटलं ते. मी आठ वर्षांची होते, आईने पीचचा डबा मागितला म्हणून तू मला हॉस्पिटलच्या खालच्या दुकानात पाठवलंस आणि मी तिथे बाहुल्यांच्या काचेसमोर उभी राहिले. वर आले तर तू दारात उभी. तू म्हणालीस, धावत आली असतीस तरी काही फरक पडला नसता. आजी म्हणाली, तिचं एवढंच लिहिलेलं होतं. मला दोन्ही आवडलं नव्हतं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

तर मी गेम मागे नेला आणि परत गेले. या वेळी मासे नाहीत, धावत गेले, धावत आले. उशीर झाला. तिसऱ्यांदा म्हटलं शेवाळ आधीच आणून ठेवावं, तर बापाने मागितल्याशिवाय ते शेवाळ गुहेत उगवतच नाही. हा काय प्रकार आहे? चौथ्यांदा बाजारातून नव्व्याण्णव जडीबुटी घेतल्या, नेनेला द्यायला गेले तर ती घेतच नाही. बापाला एक ठेवून द्यावी म्हटलं, तर गावात तलवार निघत नाही. बंदरावरच्या नाणी टाकायच्या फोनवरून कोहेइचा फोन आला, त्याला विचारलं नेनेला कसं वाचवायचं. तो हसला. म्हणाला, "अगं ती मरतेच. सगळ्यांची मरते. मी तीनदा खेळलोय, तीनदा मेली." मी म्हटलं, "आणि तू तीनदा जाऊ दिलंस?" तो म्हणाला, "वेडे, ते लिहिलेलंच आहे, त्याशिवाय पुढची गोष्ट सुरू होत नाही." मी फोन आपटला. नाणी संपायच्या आधी आपटला याचा त्याला जास्त राग आला.

मग मला उपाय सापडला. औषध द्यायचंच नाही. शेवाळ खिशात ठेवायचं आणि दारातून आत जायचं नाही. मी आत पाऊल टाकलं तरच ती मरते, नाही टाकलं तर जिवंत असते. खिडकीतून तिच्याशी बोलता येतं. ती खोकते आणि विचारते, बाहेर बर्फ पडतंय का? आपण हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तरी म्हणते, मग मी उद्या खेळायला जाईन. नाही म्हटलं तरी तेच म्हणते. मी रोज हो म्हणते. गेले वीस दिवस मंत्री घाई करा घाई करा म्हणतोय, थांब म्हणावं. पुढचा पूल बांधलेला नाही, राजा ताटकळलाय, राक्षसांचा राजा नुसता बसून आहे. मी गावाभोवतीची सगळी भुतं इतक्या वेळा मारली आहेत की आता मला बघून पळतात.

गेमच्या खोक्यात कंपनीचं एक कार्ड असतं, मत कळवा म्हणून. त्यात गोष्ट कशी वाटली याला पाच चौकोन होते, फार छानपासून ठीकपर्यंत. मी पेनाने सहावा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, लहान पोरीला मारायला तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांचं छापील उत्तर आलं, आपल्या मोलाच्या मताबद्दल आभारी आहोत, आणि बरोबर एक स्टिकर. घोड्याचा.

आता खरी फजिती ऐक. मी खेळताना एका कागदावर टिपत होते, कारण मला लक्षात राहत नाही. त्यावर लिहिलं होतं: नेने. ताप, खोकला. आई नाही, बाप एकटा. जडीबुटीचा उपयोग नाही. आत जायचं नाही, खिडकीतूनच बोलायचं. आणि तो कागद गेला गल्लीच्या सूचनांच्या फळीत! (तीच, जी घरोघरी फिरते, कचरा कुठल्या वारी टाकायचा ते लिहिलेली, वाचून शिक्का मारून शेजारी द्यायची.) बारा घरं फिरली. बाराही जणांनी माझा कागद वाचला आणि त्याच्यावरसुद्धा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कावाबाता काकू दारात. आवाज एकदम खाली. "चिनात्सु, नेने कोण गं तुझी?" म्हटलं, "ओळखीची आहे, लांबची." "आत जायचं नाही म्हणजे साथीचं आहे का?" "नाही हो, तसं नाही." "कुठल्या गावची?" "उत्तरेकडची. नदीपलीकडे." "मग आपल्याकडच्या हॉस्पिटलात का नाही आणत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पूल झालेला नाही." काकू दाराला टेकल्याच. "आजच्या काळात? मंत्री काय करतात?" म्हटलं, "घाई करा म्हणतात." काकू म्हणाल्या, "अगदी आपल्यासारखेच!" आणि तरातरा गेल्या. संध्याकाळपर्यंत बारा घरांत नेनेसाठी कागदाचे करकोचे घडायला सुरुवात झाली होती. हजार घडायचे आणि दोऱ्यात ओवून द्यायचे, आजारी माणूस बरं व्हावं म्हणून. कुणी सफरचंदं आणली, कुणी पेज. मी रोज पेज प्यायले. सांगणार कुणाला आणि कसं? रोज म्हणायचे आज सांगते, आणि रोज आणखी पन्नास करकोचे यायचे.

परवा दुपारी काकू आठशे सत्तरावा घेऊन न विचारता आत आल्या. टीव्ही चालू. पाणचक्की, बर्फ, खिडकी. नेने खोकली. खाली तिचं नाव लिहिलेलं येतं. काकूंनी वाचलं. मी जमिनीत जाते की काय असं झालं. त्या खाली बसल्या, खाली शेगडी असलेल्या टेबलात पाय घातले आणि म्हणाल्या, "बाप कुठाय?" मी दाखवला. "नुसता उभाय! याला एक ठेवून दे." म्हटलं, "गावात तलवार निघत नाही." "कुठल्या मेल्याने लिहिलंय हे?" मी म्हटलं, "तेच तर!" मग मी सगळं सांगितलं, मासे, शेवाळ, दार. काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण तुझी हिनाको तपासणीला गेली होती ना? तू कचऱ्याचं बोलतेस, खेकड्यांचं बोलतेस, तिचं काहीच बोलत नाहीस." मला दुसऱ्यांदा खोटं बोलता येईना. मी खणातून पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

ओरडल्या नाहीत. पाकिटावरचा नंबर बघितला, माझ्याच फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला आणि म्हणाल्या, मी हिनाकोची आजी बोलतेय. मी दोन मिनिटं त्यांची सून होते. गुरुवारची वेळ मिळाली.

मला भीती वाटते, मावशी. आईच्याही छातीला नळी लावली की वेगळा आवाज यायचा, आणि आजीचं ते लिहिलेलं माझ्या कानातून जात नाही. पण मी एक गोष्ट धरून बसले आहे. गेममध्ये हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, सारखंच. इथे मी तीन आठवडे नाही म्हटलं आणि तीन आठवडे कुणी मला ढकललं नाही. म्हणजे इथे माझं ऐकतात. मग हो म्हटलेलंही ऐकावं लागेल. लिहिणारा कोणी असलाच तर त्याने सहावा चौकोन काढून ठेवावा, नाहीतर मी काढीन. माझ्याकडे पेन आहे.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझी
चिनात्सु

ता. क. गुरुवारी दहाला जायचं आहे. कोहेइ समुद्रात असेल. तू बुधवारी येशील का? तुला काही बोलावं लागणार नाही. फक्त त्या दारातून तू आधी आत जा, मी हिनाकोला घेऊन मागोमाग येते. मागे उभी राहिलेली दिसले तर ओढ.

ता. क. २. येताना फुलाची कुंडी आणू नकोस, कुंडीतल्या झाडासारखा आजार मुळं धरतो म्हणतात. पीचचा डबा आण. तिकडूनच घेऊन ये, मला खाली दुकानात पाठवू नकोस.

ता. क. ३. नेने अजून खोकते आहे. मशीनला हात लावायचा नाही असं कोहेइला सांगितलंय. करकोचे काल हजार झाले. दोऱ्याच्या चिठ्ठीवर नेनेचं नाव होतं, मी ते खोडलं नाही, खाली हिनाकोचं लिहिलं. काकूंनी वाचलं आणि गेल्या. आज सकाळी नवीन कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. मी म्हटलं, काकू, हजार झाले की. तर म्हणाल्या, "नावं दोन आहेत ना? सरक, जागा कर."