ज्याचं उत्तर आधी

बिबवेवाडी, पुणे
२१ मे २००२

ती. गोपाळदादांस,
दत्ताचा सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक. आपली आणि विमलावहिनींची तब्येत बरी असेल. विश्वजीतचा निकाल काय लागला? कमी गुण पडले असतील तर रागावू नका. मी नववी दोनदा केली आणि तरी पुण्यात मास्तर म्हणून खपलो, असं त्याला सांगा.

मागच्या पत्रात नऊ जूनला राधाला न्यायला येतो असं कळवलं होतं. त्याबद्दलच लिहायला बसलोय, पण आधी आमच्या संगणक क्लासमधली एक हकिगत सांगतो. नाहीतर पुढचं लिहायला जमणार नाही.

आमच्याकडे बारा जुने संगणक आले, एका बंद पडलेल्या ऑफिसातले. एकातही हार्ड डिस्क नाही. संगणकाला जे येतं, जे आठवतं, ते सगळं त्या डिस्कवर असतं. ती नसली की नुसता डबा. पण तारेने जोडलेल्या एका मोठ्या संगणकाकडून रोज सकाळी सगळं मागून घेऊन असे डबेसुद्धा चालतात. त्या मोठ्याला सर्व्हर म्हणतात. सुरू होताच सर्व्हरला हाक मारायला लावणाऱ्या बारा चिपा बुधवार पेठेतून आणून मी बसवल्या आणि चौथ्या दिवशी बाराही चालू झाले. आमचे मालक माधव सर म्हणाले, "बरं झालं." पुण्यात ही शाबासकी असते.

मग भलतंच सुरू झालं. मुलांनी काल टाइप केलेलं आज सापडेना, परवाचं सापडे. आज पाच संगणक बिघडलेले, तर उद्या वेगळेच सात. दोन दिवस मी तारा तपासत टेबलांखाली रांगत होतो. सर दारात उभे राहून म्हणाले, "यंत्रांना डोकं नाही हे कबूल आहे, दत्तप्रसाद. जोडणाऱ्याला असावं, एवढीच अपेक्षा होती."

खरं होतं त्यांचं. महिन्यापूर्वी जमतंय का बघायला मी आधी एक छोटा सर्व्हर उभा केला होता. त्याला पडदाही जोडलेला नव्हता. स्टोअरच्या कपाटात ठेवला, दार लावलं आणि विसरलो. तो बिचारा तिथे इमानाने चालूच होता. आणि दादा, हे डबे सुरू झाले की त्यांना एकच गोष्ट करता येते. ते सगळ्या तारेवर ओरडून विचारतात, माझं कोणी आहे का? आपलं कोण हे त्यांना ठाऊक नसतं. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचे ते होतात. कपाटातला जवळ होता, म्हणून बरेचदा तोच आधी उत्तर द्यायचा, आणि मुलांचं त्या दिवसाचं काम त्याच्याकडेच राहायचं. यात त्याची काही चूक नव्हती.

मी कपाट उघडून तो बंद केला. सगळं सुरळीत झालं. सर पुन्हा "बरं झालं" म्हणाले. मी मात्र तिथेच जमिनीवर बसून राहिलो, कारण आदल्याच रविवारी मी तुमच्याकडे फोन केला होता.

हो, सकाळी दहाचा तो फोन माझा होता. राधाने उचलला. मी "हॅलो" म्हटलं, तर ती म्हणाली, "बाबा घरी नाहीत, वावरात गेले." क्षणभर मला कळेना की ती कोणाबद्दल बोलतेय. मग कळलं. तुमचा विश्वजीतही दिवसभर तुम्हाला बाबा म्हणूनच ओरडत असेल; ती तरी वेगळं काय म्हणणार? तिने विचारलं, "तुम्ही कोन?"

मी राँग नंबर म्हणालो.

दादा, या हाताने बारा डब्यांना आपला मालक ओळखायला शिकवलं आणि साडेचार वर्षांच्या लेकीला मी कोण हे न सांगताच फोन ठेवला. भाग्यश्री गेली तेव्हा दीड वर्षाच्या पोरीला दोन महिन्यांसाठी म्हणून तुमच्या ओटीत घातलं. तीन वर्षं झाली. आधी नोकरी नव्हती, मग खोली नव्हती, हे खरंच आहे. पण खोली मिळूनही वर्ष झालं. राधाचा चेहरा थेट तिच्या आईचा आहे, आणि मला त्याची भीती वाटायची. हे मी कोणालाच सांगितलं नाही. तिने तापात हाक मारली असेल, अंधारात मारली असेल. दर वेळी तुम्ही ओ दिलीत.

आता जूनमध्ये येऊन तिला उचलून आणणं म्हणजे कपाटातला सर्व्हर बंद करण्यासारखंच. तसं मी करणार नाही. ती तुम्हाला बाबा म्हणते म्हणून तिला कोणी टोकू नये, वहिनींनीही नाही. नऊ तारखेला मी येतो. परतीचं तिकीट एकाचंच काढलंय. चार दिवस राहीन, दिवाळीत पुन्हा येईन, आणि मधल्या दर रविवारी दहा वाजता फोन करीन.

फक्त एक मागणं आहे. मी आलो की ती दारात येईल आणि विचारेल, तुम्ही कोण. तेव्हा घाईने तुम्ही सांगू नका. मला थोडा वेळ लागेल, पण सांगेन मीच.

आपला, आणि तिने म्हटलं तर तिचा,
दत्ता