फुकटची मेंढी

॥ श्री ॥
उस्मानपुरा, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१९

तीर्थस्वरूप आबांस,
सत्यशीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही सुखरूप. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, समोर मात्र सात मजली इमारत उठते आहे. तुम्ही मेंढ्या घेऊन चारा छावणीत गेलात ते दाढी वाढवून बुवा झालात, असं टँकरवाले कचरूभाऊ सांगत होते. तिथं रेंज नाही म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते.

आबा, माझ्या हातून मोठी चूक झाली. तुम्ही आईच्या रेकॉर्ड केलेल्या ओव्या मोबाइलच्या चिपमध्ये भरून मागितल्या होत्या. आवाज साफ करावा, मागचं मेंढ्यांचं ओरडणं काढावं, असं मनात आलं. त्याचं सॉफ्टवेअर महाग. भलत्याच एका साइटवर तेच फुकट मिळालं. आधी अँटिव्हायरस बंद करा, असं तिथं लिहिलं होतं, मी केला. तासाभरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कम्प्युटरची एकेक फाइल कुलूपबंद झाली. ओव्यांची दुसरी प्रत असलेला पेनड्राइव्हही त्यालाच लावलेला होता, तोही गेला. तिसरी प्रत कुठंच नाही. आता पडद्यावर खंडणीची नोटीस आहे. गिऱ्हाइकांची आधार कार्डंही त्यात होती. ती कुणाच्या हाती लागली असतील, कोण जाणे. पैसे भरूनही फाइली मिळतीलच असं नाही, असं दुरुस्तीवाला म्हणतो.

आईला जाऊन वर्ष झालं नाही, आणि मी तिचा आवाज घालवला. फार भीती वाटते. रागवा, पण माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
सत्यशीला

छावणी, लासूर स्टेशन
१५ एप्रिल

चि. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पैसे भरू नको. पोलिसांत जा, अन् ज्यांचे कागद होते त्या गिऱ्हाइकांना स्वतः सांग, लपवू नको.

तू एवढी शिकलेली, अन् कळलं नाय? फुकट मेंढी देणारा वाड्यावर येऊन म्हणाला, आधी कुत्री हाकला, तर घेतली असतीस? बाजारातून पैसे मोजून आणलेली मेंढीसुद्धा आपण पंधरा दिवस कळपाबाहेर बांधतो. पुढं जे घ्यायचं ते बनवणाऱ्याकडूनच घे, अन् प्रत दुसरीकडं काढून ठेव. अन् मेंढ्यांचं ओरडणं काढायचंच कशाला होतं? तुझी आई त्यांच्यातच गायची.

रागावलो नाय. पण एक सांगतो, कुणाजवळ बोलू नको. तुझ्या आईच्या, बानाबाईच्या ओव्यांचे शब्द मला सगळे पाठ आहेत. आवाज मात्र महिन्याभरापासून आठवंना झालाय. लई भ्यालो, म्हणून चिप मागितली होती.

जिवाला जप, पोरी.
तुझा आबा,
सूर्यभान