बारशाला जेवीन

आप्पा, तुम्ही माझ्या घरात शेवटपर्यंत घोटभर पाणी प्यायला नाहीत, आणि आज मी तुम्हालाच लिहायला बसले आहे. चौथीतून तुम्हीच शाळा सोडवली, तेव्हा अक्षराला हसू नका. पाय भरून आलेत. दुपारची वेळ आहे, पोरं जेवायला गेलीत आणि इथं मशीनींची घरघर सोडली तर कोणी नाही. घरी बोलावं तर ह्यांना ऐकू कमी येतं, शेजारी बोलावं तर प्रत्येकाला आपलंच सांगायचं असतं. तुम्हाला तरी आता कसली घाई नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवत होते. तो कारखाना बंद पडला. आता विद्यापीठात झाडलोट, फरशी आणि चहा असं माझं काम. ठेकेदाराची माणूस, म्हणजे कुणाचीच नाही. माझ्या वाट्याला जी मोठी खोली आली तिला लॅब म्हणतात. तिथं काचेच्या पेट्या आहेत. पेटीत सुईसारखं एक तोंड फिरत असतं, त्यातून प्लास्टिकचा धागा वितळून खाली येतो, थरावर थर बसतो आणि बघता बघता वस्तू उभी राहते. बघता बघता म्हणजे अख्खा दिवस जातो. धाग्याची रिळं तुमच्या मागावरच्या बॉबिनींसारखीच भिंतीला टांगलेली. मधेच काही चुकलं की वस्तू राहते बाजूला आणि नुसता गुंता होतो. मग पोरं कपाळाला हात लावून म्हणतात, "परत शेवया झाल्या." त्या शेवया मीच गोळा करते. वस्तू तिरकी व्हायला नको म्हणून खाली आधाराला बारीक जाळी घालतात, वस्तू झाली की ती मोडून टाकतात. तीही मीच झाडते. दिवसभर नुसता कचरा करतात ही शिकलेली माणसं, आणि कचरा करताना लई गंभीर तोंडं करतात.

खोलीच्या मधोमध टेबलाला बोल्टनं आवळलेला एक हात आहे. नुसता हात. खांदा, कोपर, मनगट आणि पुढं चमचा. हे काम दुधनीच्या एका पोरीचं. ती मला मावशी म्हणते, तिथं बसून डॉक्टरकी करते, औषधाची नव्हे, अभ्यासाची. तिचे वडील चिंचेच्या झाडावरून पडले आणि मानेचा मणका गेला. पाय थोडेफार चालतात, हात खांद्यापासून उचलतच नाहीत. तिची आई तीन वेळा त्यांना भरवते, आणि आता त्या बाईचे स्वतःचेच हात थरथरायला लागलेत. म्हणून पोरीनं हा हात उभा केला. त्याच्या डोळ्याच्या जागी कॅमेरा आहे, तो माणसाचं तोंड बघतो. तोंड उघडलं की चमचा येतो, मिटलं की थांबतो. ऐकायला सोपं आहे. पण चमचा दातावर आपटायचा, भात मांडीवर सांडायचा, मग चमच्याची मूठ परत पेटीत छापायची, परत शेवया. तिच्यासोबत आपल्या गावातल्या विणकरांपैकी एक तेलुगू पोरगा आहे, तोही तिच्याइतकाच शिकलेला. सगळ्या परीक्षा त्याच्या तोंडावर. दहीभात खाऊन खाऊन त्याला पोट सुटलं. "मावशी," म्हणतो, "उद्या माझी बायको पण मला एवढं भरवणार नाही." मी म्हणाले, "तोंड बंद कर, नाहीतर चमचा येईल."

एक दिवस ती पोरगी बेसिनपाशी कप विसळत होती. मी म्हटलं ठेव, माझं काम आहे ते. ती ऐकेना. म्हणाली, "मावशी, शनिवारी आईबाबांना आणतेय. बाबा यातून जेवले तर पुढचं बघू. नाही जेवले तर मी हे बंद करून घरी जाणार. आईला आता होत नाही." तिचे सर तिला सांगून थकले होते की आधी दवाखान्यातल्या कुणावर बघू. ती म्हणे, ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच नाही खाल्लं तर बाकीच्यांना काय दाखवू. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालीत तिला, नवरा इथंच बँकेत आहे. डोळे खोल गेलेले. मी कप हिसकावून घेतला आणि बस म्हटलं.

आप्पा, तुम्हाला मीठ आठवतं का? मला तेच आठवतं सगळ्यात आधी. आपल्या त्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात आई माडग्याळला आजीकडं गेली की आमटी माझ्याकडं असायची. तुम्ही रात्रपाळी करून यायचा, कानात अजून मागाचा आवाज, म्हणून मोठ्यानं बोलायचा. पहिला घास घेतला की एकच. "मीठ कमी." नाहीतर "मीठ जास्त." बरोबर असलं की काही नाही. एकदा खारट झालं तेव्हा ताट सरकवून म्हणालात, "मीठ टाकताना तोंड बंद ठेवत जा. बोलत बोलत टाकतीस, मग दोनदा पडतं." मी आठ-नऊ वर्षांची असेन. लई राग आला होता. पण खरं होतं ते, मी बोलत होते.

माझं लग्न झालं आणि तुम्ही पहिल्यांदा आमच्या खोलीवर आलात तेव्हा उंबऱ्याच्या आतही बसला नाहीत. पायरीवर बसलात. मी चहा ठेवला, पुढं आणून ठेवला, तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे मलाही माहीत होतं, कुणाला माहीत नसतं? पण मी हट्टानं म्हणाले, "आप्पा, चहा गार होतोय." तुम्ही म्हणालात, "होऊ दे. बारशाला जेवीन." हसून म्हणालात. तेव्हा मीही हसले.

मग तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी यायचात. हुरडा आणायचात, शेंगा आणायचात, एकदा घोंगडीसुद्धा आणलीत. गिरणी बंद पडली तेव्हा तुमचा पितळी कडीचा जेवणाचा डबा आणलात आणि म्हणालात, मला आता काय करायचाय. रिकामा देऊ नये म्हणून आत मूठभर फुटाणे. लेकीला डबा दिलात आणि त्या डब्यातलं कधी खाल्लं नाहीत. वर्षं गेली. दवाखाने झाले, नवस झाले, सासूनं बोलायचं ते बोलून घेतलं आणि तीही थकली. सगळ्यांनी तो विषय सोडला. ह्यांनी सोडला, मी सोडला. तुम्ही तेवढे सोडला नाहीत. माझे केस कानावर पांढरे दिसायला लागले तरी पायरीवर बसून तेच. "जेवतो की. बारशाला जेवीन." शेवटच्या आजारात तुम्ही दादाकडं होतात. मी रोज यायचे, तिथल्या चुलीवर करायचे, तुम्हाला भरवायचे, आणि तुम्ही खायचा. मीठ कमी, मीठ जास्त. हात तोच, बाई तीच. घर तेवढं माझं नव्हतं.

तर शनिवारी दुधनीहून गाडी आली. म्हातारा उंच, फेटा बांधलेला, हात दोन्हीकडं लोंबलेले. बायकोनं फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणलेली. भाकरी बघून तेलुगू पोरगा म्हणाला, "काकू, ही फोडायला आपल्याला दुसरं मशीन करावं लागेल." ती हसली. म्हातारा हसला नाही. खुर्चीवर बसवलं, कॅमेरा नीट केला, पोरीनं पहाटे उठून केलेला मऊ भात वाटीत ओतला. सर हात मागं बांधून उभे. मी दाराशी पोछा धरून.

हात उचलतो, चमचा भरतो, म्हाताऱ्याच्या तोंडापुढं येऊन थांबतो. म्हातारा ओठ मिटून बसलेला. पोरगा म्हणतो उजेड कमी पडतोय, दिवा सरकवतो. चमचा तसाच. सर म्हणतात कॅमेऱ्याला मिशी आड येते का बघ. पोरगी कशालाच हात लावत नाही. तिला कळलेलं आहे, तिचं तोंड उतरलेलं मला इथून दिसतंय. म्हातारा मान बाजूला वळवून, चमच्याला चुकवून विचारतो, "अन्न कुटलं?"

"मी केलंय बाबा."

"कुटं केलंस?"

"घरी."

"मग झालं की."

"बाबा, हे माझं घर नाही. लॅब आहे. सरकारची जागा आहे."

"जागा सरकारची. भात तुज्या चुलीवरचा." बोलायला तोंड उघडलं तसा चमचा पुढं आला, त्यानं मान परत वळवली. त्याची बायको कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. सर म्हणाले कँटीनमधून आणू, पोरगा म्हणाला शनिवारचं बंद असतं. पोरीनं लाल बटण दाबून हात थांबवला आणि म्हणाली, "राहू दे. आवरून टाकू." अगदी हळू म्हणाली, कप विसळताना बोलावं तसं. आणि म्हातारा, आप्पा, त्या म्हाताऱ्याला वाईट वाटलं असणार, पोरीची समजूत काढावी म्हणून हसून म्हणतो, "आगं, जेवतो की. बारशाला जेवतो."

मला काय झालं सांगता येत नाही. पोछा बादलीत आपटला आणि पाणी सरांच्या बुटावर गेलं. मी म्हणाले, "अवो, बारसं होईल तवा होईल, न्हाय तर न्हाय व्हणार. तवर ती काय उपाशी बसवणार हाय का तुमाला? का तुमी तिला बसवताय?" मी आत गेले, फळीवरचा माझा डबा काढला, ती पितळी कडी उघडली. आमटी-भात होता. म्हणाले, "माज्या घरचं हाय. खाणार का?"

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कुणाची लेक?"

"तुमची न्हाय. तेवढं पुरं की."

आता विचारेल, लेकरं किती, असं वाटलं. मी तयार होते. पण नाही विचारलं. त्याची बायकोच फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. मग तोही हसला, आणि म्हणाला, "वाढ."

पोरीनं वाटी बदलली, बटण सोडलं. चमचा आला. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. एक दाणा मिशीला लागला, बाकी सगळा आत. तो चावत राहिला, हात वाट बघत राहिला. पोरगी त्याच्याकडं बघतच नव्हती, कॉम्प्युटरकडं बघत होती. तिची आई आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, नुसते. त्या बाईचे हात जेवणाच्या वेळी रिकामे, हे तिलाच नवीन. वाटी संपत आली तसा म्हातारा म्हणाला, "साकु." म्हणजे कन्नडमध्ये पुरे. पण साकु म्हणायला तोंड उघडलं, तर चमचा परत हजर. खाल्लं त्यानं. परत म्हणाला "साकु", परत चमचा. पोरगा पोट धरून खाली बसला, "मावशी, हे माझ्यासारखंच झालं यांचं," आणि मग ती पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी. बटण दाबून म्हणाली, "बाबा, साकु म्हटलेलं त्याला कळत नाही अजून. शिकवते." शिकवते म्हणाली, आप्पा. म्हणजे घरी जात नाही.

सरांनी मला बुटाबद्दल काही म्हटलं नाही. ठेकेदारापर्यंत गेलं तर जाऊ दे.

तुम्ही ते तसं का म्हणत राहिलात, यावर मी लई वर्षं रागावून काढली. वाटायचं, बाकीचे टोचायचे ते उघड टोचायचे, तुम्ही हसून टोचता. शनिवारी त्या म्हाताऱ्याचं तोंड जवळून बघितलं. त्याला टोचायचं नव्हतं. माझ्याकडं एक घास खाल्ला असता तर तुमच्या दृष्टीनं तिथंच बारशाचं सगळं संपलं असतं, एवढंच असेल का? असेलही. विचारायला तुम्ही नाही आणि उत्तराला माझ्यात दम नाही. तुमची आशा मला जड झाली, एवढं मात्र खरं. दर वेळी पायरीवर ठेवून जायचात आणि मी आत उचलून न्यायची.

पोरं येतील आता. हा कागद त्यांच्या कचऱ्यातलाच आहे, त्यांच्याच कचऱ्यात जाईल. पाठवायचा तरी कुठं. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी जाऊन डब्याला चिकटलेला भात मी बोटानं खाऊन बघितला. मीठ जास्त होतं. सकाळी नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी बोलत बोलत टाकलं होतं, दोनदा पडलं असणार. म्हाताऱ्यानं वाटीभर खाल्लं आणि एका शब्दानं बोलला नाही, परका माणूस ना. तुम्ही असता तर पहिल्या घासाला सांगितलं असतं. चमचा तोंडापाशी आला तेव्हापासून मी तेच ऐकायची वाट बघत उभी होते.