काट्यांखालचा डाग

बुधवार, संध्याकाळ

जिंकले!

आठवडाभर तो डाग डोक्यातून जात नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, मनगटी घड्याळाला किल्ली देणं सोडलं. तेव्हापासून ते पेटीत सव्वासातवर थांबलेलं. घरात कुणाला उशीर झाला की अजून म्हणतात, "आबांचे सव्वासात!" म्हणजे, अजून उशीर झालेलाच नाही. मी हौसेनं घड्याळवाल्या चाचांकडून ते चालू करून आणलं, तर डायलवर दोन पट्ट्यांचा तपकिरी डाग. ताईचे यजमान, आमचे दाजी, लगेच म्हणाले, "हा डाग आधी नव्हता की. तुझ्या चाचांनी मूळ डायल ढापली, ही दुसरीच बसवली."

आज घड्याळ घेऊन दुकानात गेले. चाचा भिंगातून बघून हसले. "अंधेरे में चमकनेवाला रेडियम है ना काटों पो, उसका दाग है बेटी. काटे बरसों एकीच जगा ठैरे सो. डायल बदले रहते तो यो दाग कहां से आता?"

म्हणजे डाग आधीपासून होताच, काट्यांखाली झाकलेला!

घरी आले ती थेट दाजींसमोर. किल्ली ओढून काटे फिरवले. मोठा तीनवर, छोटा सातच्या जरा पुढं. डाग गायब! दोन्ही पट्ट्या काट्यांखाली बरोब्बर बसल्या.

दाजींनी वाकून डायल निरखली. मग हळूच म्हणाले, "चाचांची माफी मागायला आता उशीर झाला का गं?"

मी घड्याळ पुढं केलं. "सव्वासातच वाजलेत की, दाजी."