राणीच्या मांडीवर

अण्णा, परवा दिघीच्या धक्क्यावर गेले होते. तुमची तिकिटांची टपरी होती तिथं आता नुसता चौथरा उरलाय, त्यावर कोणीतरी जाळं वाळत घातलं होतं. त्या चौथऱ्याशी उभी राहिले तर मला तिकिटं फाडणारे तुम्ही आठवलाच नाहीत, आठवली ती राणी. घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

दिवसा तुम्ही तिकीटमास्तर. आगबोट लांब पाण्यात उभी राहायची, माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची, आणि तुम्ही धक्क्यावरून ओरडून त्यांना शिस्त लावायचात. पण साऱ्या खाडीकाठावर तुमची ओळख म्हणजे बिनमिशीचे मास्तर. देवीच्या उत्सवात आपल्या गावात दरवर्षी एकच नाटक व्हायचं आणि त्यातली राणी तुमची असायची. सत्यासाठी राज्य देऊन टाकणाऱ्या राजाची ती बायको. परक्याच्या घरी दासी म्हणून विकली जाते, एकुलत्या मुलाला साप चावतो, आणि त्याला हातांवर घेऊन ती स्मशानात येते, तर तिथला राखणदार तिचाच नवरा. आमच्याकडे तेव्हा बायका नाटकात उभ्या राहत नसत. या राणीसाठी तुम्ही पहिल्यांदा मिशी काढलीत तेव्हा आजोबा हयात होते. ‘बाप जिवंत असताना मिशी उतरवतोस?’ म्हणून ते कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाहीत, असं आई सांगायची. पण उत्सवाला पुढे बसून पंच्यानं डोळे पुसत होते, हेही तीच सांगायची.

लुगडी आईची असायची. पहिल्या अंकात तिचं हिरवं, ठेवणीतलं. स्मशानात तिचं रोजचं, विटलेलं. मी अगदी लहान असताना बायकांमध्ये आईच्या मांडीला टेकून बसलेय, आणि समोर आईचंच लुगडं चाललंय, पदर आईसारखाच खोचलाय, निऱ्या आईसारख्याच डाव्या हातानं उचलल्यात. मी सारखी आईच्या गुडघ्याला हात लावून बघतेय, ही इथं आहे ना म्हणून. ‘अगं, ते तुझे अण्णा,’ ती कानात सांगते. मला ते मुळीच पटत नाही.

मग ते वर्ष आलं, राजपुत्राचं काम करणाऱ्या मुलाला गोवर आला ते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. चुलीपुढं आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, “हिलाच उभी करू या. अंगानं हलकी आहे, उचलायला बरी.”

आईनं तव्यावरून मान वर केली नाही. “असलेलं लेकरू मेलेलं दाखवायचं?”

माझ्या आधी आपल्या घरात एक मुलगा होऊन गेला होता, चालायला लागून, बोलायला लागून. त्याच्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. मलाही ते शेजारणीकडून कळलेलं. “राहू दे मग,” असं म्हणून तुम्ही धक्क्यावर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी तिनंच माझे केस घट्ट बांधले, वर टोपी बसवली आणि काजळाचं बोट माझ्या कानामागं टेकवलं. मेलेल्या राजपुत्राला तीट लावलेली ती पहिलीच असेल. तुम्ही तालमीत मला इतकंच शिकवलंत, “बाय, तुझं काम सोपं. बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. रडायचं माझं मी बघतो.”

उत्सवाला आगरदांड्याहून तरीनं खाडी ओलांडून माणसं आली होती, बोर्लीची दुकानं लवकर बंद करून व्यापारी आले होते. सापाचा प्रसंग मी नीट केला. मग तुम्ही मला उचलून आणलंत आणि मांडीवर घेतलंत. माझे डोळे मिटलेले. आईच्या लुगड्याचा वास येतोय, त्यात तुमच्या घामाचा आणि रंगाचा. तालमीत तुम्ही रडायचात ते मोठ्यानं. आज तुमचा आवाज खाली खाली जात होता, आणि छाती हलत होती ती मला पाठीशी कळत होती. माझ्या गालावर एक गरम थेंब पडला. लोक म्हणाले, पोर झोपेत होती. झोपेत नव्हते मी. मला तुमचं रडणं सोसवेना, म्हणून मी हात वर केला आणि तुमच्या गळ्यात टाकला.

मांडवात कोणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. तुमचा श्वास थांबला. मग राणी हसली. अण्णा, तसलं हसू मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. “उठलास? उठलास ना, बाळा?” मला कळलं की आपण चुकलो, आणि मी होते तशी थिजले. तुम्ही माझा हात हळूच गळ्यातून सोडवलात, तळव्यावर धरून ठेवलात, सोडलात. तो पडला. तुम्ही पुन्हा उचललात, पुन्हा पडला. मग तुम्ही तो माझ्या छातीवर ठेवलात, सदरा सारखा केलात आणि एकही शब्द बोलला नाहीत. राजाचं काम करणारे सोनारकाका आपलं भाषण विसरले. पाठीमागून त्यांना शब्द पुरवत होते, ते मला ऐकू येत होते, पण त्यांच्या तोंडून काही निघेना.

सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग काढत बसला होता. मासळीची पाटी घेऊन कोळीण मावशी दारात आली, पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, “मास्तर, पोर उठलं म्हनून मी देवीला हात जोडलं व्हतं. मंग हात पडला. जोडलेलं हात तसंच ऱ्हायलं बगा.”

ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं, शाबासकी मिळणार. “मेलेलं माणूस गळ्यात पडत नाही,” तुम्ही म्हणालात. “काम बिघडलं असतं. पुन्हा असं करायचं नाही.” माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आई चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाली, “तिला बोलू नका. त्याचा हात असा एकदा तरी वर यावा म्हणून मी किती वेळ बघत बसले होते. काल आला.”

तुमचा तेलाचा हात गालावरच राहिला. अर्धं तोंड राणीचं, अर्धं तुमचं. आईनं मला कालवणाचं मीठ बघायला सांगितलं. पण त्या दिवशी दुपारी जेवताना ती आपण होऊन त्याच्याबद्दल बोलली. त्याला पेज आवडायची, तो आगबोटीचा भोंगा ऐकून टाळ्या वाजवायचा. तुम्हीही बोललात. मला भाऊ मिळाला तो त्या दुपारी, असं मी समजते.

पुढच्या वर्षी मंडळी मागं लागली, हाताचा तो प्रसंग दरवर्षी ठेवू या. तुम्ही ऐकलं नाहीत. “ते झालं ते झालं,” एवढंच म्हणालात, आणि गोवरातून उठलेला तो मुलगा पुन्हा आपल्या जागी मेला.

माझं लग्न होऊन मी मुरुडला गेले. तिकडे असताना कानावर आलं की तुमचे दोन दात पडले, आवाज फाटला, आणि गावानं राणीसाठी मुंबईहून बाई आणायचं ठरवलं. मला वाटलं, तुम्ही खचाल. उत्सवाला तान्ह्या लेकीला घेऊन आले, तर तुम्ही त्या बाईंना पडावातून उतरवून घेत होता. वरून बजावत होता, “पाय इथं द्या, ती फळी ओली आहे.” आईनं आपलं हिरवं लुगडं स्वतः त्यांना नेसवलं. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही प्रेक्षकांत बसलात, माझ्या शेजारी. बाई फार सुरेख करत होत्या. स्मशानाच्या प्रसंगात मी चोरून तुमच्याकडे बघितलं. तुमचे ओठ हलत होते.

“कशी होती?” मी भीतभीतच विचारलं.

तुम्ही म्हणालात, “माझा निम्मा जीव बाई होण्यातच जायचा गं. तिला तो खर्च नाही. सगळा वेळ आईच होती ती.” आणि माझ्या लेकीला माझ्याकडून घेऊन मांडीवर निजवलंत. मी पुन्हा माहेरी आले तेव्हा तुम्ही मिशी राखली होती. पांढरी, विरळ. आई म्हणायची, “परका पुरुष घरात आल्यासारखं वाटतंय,” आणि पदर तोंडाला लावून हसायची. तुम्ही रुबाबात मिशीला तूप लावायचात. तुमची ती शेवटची चार-पाच वर्षं फार सुखाची गेली. माझीही, तुम्हाला बघून.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल नात म्हणाली, पणजोबा बोलायचे कसे, काढून दाखव ना. तुम्ही मला जेवायला हाक मारायचात ती हाक मी काढायला गेले, पण सापडेना, आणि तोंडून निघाला तो तुमच्या राणीचा आवाज. ती खो खो हसली. असेच बोलायचे, असं मी तिला ठामपणे सांगितलं.