दातांच्या दवाखान्यातलं वाचक मंडळ

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजी कानाचं यंत्र लावतात, की अजून तुलाच सगळं दोनदा बोलावं लागतं? माझी प्रकृती ठणठणीत आहे. फक्त तीन आठवडे डोकं तापलेलं आहे आणि त्यावर माझ्या दवाखान्यात औषध नाही, म्हणून हे पत्र.

लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून रविवार मला खायला उठतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत वाचक मंडळ काढलं. सभासद कुठून आणणार? पेशंटच धरले. माणूस खुर्चीत आडवा, तोंडात माझा आरसा, अशा वेळी "रविवारी येणार ना?" विचारलं की तो "आँ" एवढंच म्हणू शकतो. तो मी होकार धरला. (ही जबरदस्ती आहे, असं तू म्हणशील. तू एकदा कुणाला पुस्तक वाचायला लावून बघ.) असे तिघे मिळाले: समोरचा बेकरीवाला, गणिताच्या निवृत्त बाई, आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना मी आता 'शेवटपान' म्हणते.

पहिलं पुस्तक मीच निवडलं, एक जाडजूड खुनाची कादंबरी. वाचायला महिना दिला. ठरल्या रविवारी खुर्च्या गोल मांडल्या, प्लास्टरचा जबडा कपाटात लपवला, कॉफी केली. तर बसता क्षणी शेवटपान म्हणतात, "खून भाच्याने केला. मी शेवटचं पान आधी वाचतो, म्हणजे जिवाला घोर नाही." झालं! आता चर्चा कशावर करायची, माझ्या कपाळावर? त्यात बाईंनी लाल पेन काढून प्रत्येकाच्या बोलण्याला गुण द्यायला सुरुवात केली. मला दहापैकी चार! मुद्दे ठीक, विस्तार कमी! माझ्या दवाखान्यात, माझी कॉफी पिऊन! आणि बेकरीवाला (पहाटे भट्टी पेटवतो, मान्य) जरा पाठ टेकतो म्हणून आतल्या उपचाराच्या खुर्चीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. माझा पारा चढला. ज्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं नसेल त्यांनी इथून चालतं व्हावं, असं मी ओरडले. ताई, तिघेही उठले. घोरणारासुद्धा! चपला घातल्या आणि गेले.

आणि गेले कुठे? समोर, बेकरीच्या माळ्यावर! तेव्हापासून दर रविवारी तिथे जमतात. त्यांचं खिदळणं माझ्या खिडकीतून ऐकू येतं. पुस्तकावर कुणी खिदळतं का? परवा बेकरीवाला अक्कलदाढ दुखते म्हणून आला. मी त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि पाऊण तास मनातलं सगळं ऐकवलं. (दाढ मात्र नीट काढली. राग वेगळा, काम वेगळं.) शेवटी उठून बसला आणि सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "डॉक्टर, माळ्यावर आम्ही चार खुर्च्या मांडतो. चौथीवर बाई कुणाला बसू देत नाहीत." दोन तास काही खाऊ नका, एवढंच मी त्याला सांगितलं आणि हात धुवायला आत गेले. बराच वेळ धुतले.

पण मी जाणार नाही म्हणजे नाही! मंडळ माझं, कल्पना माझी, आणि मी त्यांचे जिने चढू? मला काही मान आहे की नाही?

भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. त्यांनी या महिन्यात दीपगृहाच्या राखणदाराची ती कादंबरी घेतली आहे, तुझ्या कपाटात निळ्या बांधणीची आहे ती. शनिवारपर्यंत पोचेल अशी पाठव. मला नुसती चाळायची आहे.

पुन्हा ता. क. शनिवार म्हणजे शनिवार. रविवारी सकाळी येऊन उपयोग नाही.

आणखी एक. ती खुनाची कादंबरी मीही साठाव्या पानापुढे वाचली नव्हती. रागाच्या भरात हे वर लिहायचं राहून गेलं.