मंगलीचा निरोप

४ ऑगस्ट १९८६
नोकरी लागली! वरोऱ्याले कापसाच्या जिनिंगात टिकलो नाई, कोरपन्याच्या सिमेंटच्या धुळीत तर त्याहून नाई. या दवाखान्यात जमेलसं वाटते. कॅज्युअल्टीतून पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा, लांबलचक व्हरांड्यातून वॉर्डात पोचवायचा. कागद मागाहून येतात, कधी तासानं. म्हणून डाक्टर तोंडी निरोप देतात, तो मी वॉर्डातल्या शकुबाई सिस्टरले सांगायचा. सिस्टर म्हणे, तू तर आमचा चालता-बोलता कागद हायेस रे बाबू.

७ ऑगस्ट
धानोऱ्याकडची मंगली आली. पायात काटा जाऊन पाय पिकलेला, अंगात ताप. तिचा नवरा इसरू, त्यानं डाक्टरले बजावलं की पेनिसिलिनच्या सुईनं ती मागं मरता मरता वाचली. डाक्टरनं ते मले सांगून पाठवलं. व्हरांड्यात मंगलीनंही विचारलं, सांगाल ना, भाऊ? म्हटलं, सांगतो. वॉर्डाच्या दारात दोन वानरं कोणाच्या तरी डब्यावरून भांडत होती. मी पाहत राह्यलो. हसलो. सिस्टरनं निरोप विचारला तर म्हटलं, पाय पिकला, ताप हाय. एवढंच.
सुई दिली. दहा मिनिटांत गेली.
इसरू माझ्या पाया पडला. म्हणे, तुमी तिले हळू आनलं, भाऊ. धक्का नाई लागू देल्ला.

९ ऑगस्ट
शकुबाईंवर चौकशी बसली. मले विचारलं. मी म्हटलं, निरोप सांगितला होता.
आता नियम झाला, निरोप चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या मनगटाले बांधायचा. बांधतो मीच. दोन दिवस आधी झाला असता तर.

११ ऑगस्ट
भर दुपारी. हात मोडलेला म्हातारा, लच्छू. व्हरांड्यात मधेच बाईच्या आवाजात म्हणाला, सांगाल ना, भाऊ? थांबून विचारलं तर म्हणे, मी कुठी बोललो बे?

१२ ऑगस्ट
प्रत्येक जण. तोच आवाज. स्ट्रेचर रिकामं असलं तरी जड. तरी खरं सांगवत नाई.

१३ ऑगस्ट
ठरवलं, खरं सांगायचं. चौकशीले इसरूही आलेला. तोंड उघडलं. आवाज माझा नाई, तिचा. इसरूचं नाव तेवढं निघालं.
तो उठला. हसला. म्हणे, मंगले, किती उशीर केला, चाल घरी. हात धरला. मी — पाय आपोआप —

१४ ऑगस्ट
इसरूच्या घरी. सात दिवसांचा उपाशी, आज जेवून राह्यला. दर घासाले माझ्याकडे पाहते. सांगायले जातो की निरोप मीच — माझ्या आतून मंगली म्हणते, थांबा भाऊ, जेवू द्या त्याले. मग सांगा.
थाळी सरली. आता —
त्यानं पुन्हा भात वाढून घेतला. आतून ती म्हणते, थांबा भाऊ.